गुटी

वरच्या मजल्यावरची प्रणोती बदली होऊन पुण्याला गेली
तेव्हा जिन्यात तीन वस्तू ठेवून गेली:
तडकलेला आरसा, पायपुसणं,
आणि रबराचं झाड.
कमरेएवढं. चार पानं.
बाकीची कुंडीत पडलेली,
चपलेच्या तळासारखी कडक.

मला हसूच आलं.
बावीस वर्षं रबाळ्याच्या शेडमध्ये
साच्यातून निघालेल्या रिंगांची फाजील कड कातरली मी,
कुकरच्या, पंपाच्या, कसल्या कसल्या,
अर्धं पातं बोटांत धरून.
शेकड्याला किती मिळायचे ते विचारू नका.
पण झाड कधी पाहिलं नव्हतं.
कुट्टप्पन सुपरवायझर सांगायचा,
आमच्या गावी खोडाला करवंटी बांधतात,
पहाटे दूध काढतात, म्हशीचं काढावं तसं.
आम्ही बायका पदरात तोंड घालून हसायचो.
पुढे शेड वापीला गेली, कुट्टप्पनही गेला.
वास तेवढा माझ्या नाकात राहिला.

पहिला महिना मी त्याला पाण्यानेच मारत आणलं.
रोज तांब्या.
दारात कुणी उभं राहिलं की पाणी विचारायचं,
एवढंच मला ठाऊक.
एक पान पिवळं पडलं, मग दुसरं.
दिघ्याच्या वाटेवर नर्सरी आहे, तिथला लालमणी म्हणाला,
मावशी, मातीत बोट खुपसा, दोन पेरं आत.
कोरडं लागलं तरच पाणी.
आणि हे तुमच्या टायरचं झाड नव्हे हां,
ते वेगळं. हे वडाच्या भावकीतलं,
रबर नुसतं नावाला.

परत येताना राग आला.
कुणाचा, ते ऐरोली नाक्यापर्यंत कळलं नाही.

तरी पूर्वेच्या खिडकीत ठेवलं.
रविवारी ओल्या फडक्याने पानं पुसते,
एक तळवा खाली, एक वर,
भाकरी थापून उचलावी तसं.
फडकं काळं होतं.
म्हणजे ठाणे-बेलापूर रस्ता
रोज थोडा थोडा माझ्या घरी येऊन बसतो.

शेंड्याला लाल सुरळी येते, मिरचीएवढी.
कितीतरी दिवस काही नाही.
मग एका सकाळी लाल टोपण मातीत पडलेलं
आणि पान बाहेर,
घडी न मोडलेल्या साडीसारखं.

पाच वर्षांत शेंडा पंख्याला भिडला.
लालमणी म्हणाला, नुसतं छाटू नका, गुटी बांधा.
एकटीचं काम नव्हे ते.
गोठिवलीहून रेवू भोईरला बोलावलं,
शेडमध्ये माझ्या शेजारच्या पाटावर बसायची ती.
तिच्या तर्जनीचं टोकाचं पेर
प्रेसखाली गेलंय.

पातं नवं आणलं, धरलं तसंच.
खोडाला एक वेढा, इंचभर खाली दुसरा,
मधली साल हळूच सोलली.
हातात आली
रिंग.
कड अशी साफ की
कुट्टप्पनने उजेडात धरून पास केली असती.

आणि मग चीक.
पांढरा, थेंबावर थेंब, थांबेचना.
रेवू म्हणाली, अगं, करवंटी आण.
इतकं हसलो दोघी,
मॅक्सीला पदर कुठला,
तोंडं उघडीच राहिली.

ओलं शेवाळ, वर प्लास्टिक, वर सुतळी.
मी धरलं, तिने आवळलं.
दीड महिन्याने प्लास्टिकमधून मुळं दिसली,
शेवया चिकटाव्यात तशी.
खालून कापलं, रंगाच्या डब्यात लावलं,
आणि रेवू ते मांडीवर घेऊन रिक्षात बसली,
कुरकुरत,
की याच्यापेक्षा फणस असता तर खाल्ला तरी असता.

इकडे कापाखाली दोन फुटवे आलेत.
एक खिडकीकडे बघतो,
दुसरा मोरीकडे. त्याला काय दिसतं कोण जाणे.

परवा तिचा फोन. पाणी कधी घालू?
म्हटलं, बोट खुपस मातीत, दोन पेरं.
पलीकडे जरा वेळ काहीच नाही.
मग म्हणाली,
माझ्याला दोनच आहेत,
मापाला बरं.